गल्ल्याशेजारची उमेदवारी

व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपली, की विद्यार्थ्यांची उन्हाळी प्रशिक्षणासाठी धावपळ सुरू होते. सुमारे आठ आठवडे एखाद्या उद्योगात काम करायचे, त्यावर अहवाल लिहायचा आणि तो महाविद्यालयात सादर करायचा, असा हा शिरस्ता. विपणन हा विशेष विषय घेणाऱ्यांची पहिली पसंती अर्थातच मोठ्या कंपन्यांना असते. नामांकित कंपनीचे प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडते, हे खरेच. मात्र दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तेथे बहुधा एकच काम येते. हातात प्रश्नावली घेऊन शहरातील दीड-दोनशे दुकाने फिरायची, दुकानदारांची उत्तरे तक्त्यात भरायची आणि त्यांचे रंगीत आलेख काढायचे. त्या उत्तरांवरून कंपनीने पुढे काय ठरवले, हे त्याला सहसा कळत नाही. निर्णय होईपर्यंत त्याचे दुसरे वर्ष निम्मे संपलेले असते.

याला एक पर्याय आहे आणि तो बहुतेक शहरांत घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो. मसाले करणारा, बेकरी चालवणारा, हंगामात आंबा विकणारा, छत्र्या किंवा शाळेच्या दप्तरांचा घाऊक व्यापार करणारा लहान उद्योजक. त्याच्याकडे विपणन विभाग नसतो. माल कोणाकडून घ्यायचा, भाव काय ठेवायचा, कोणाला उधार द्यायचे, खराब निघालेल्या मालाचे काय करायचे, हे सारे तो स्वतःच ठरवतो आणि तेही एका खोलीत बसून. सोमवारी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम शनिवारी गल्ल्यात दिसतो. विपणन शिकणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे.

तरीही अशा ठिकाणी गेलेले अनेक विद्यार्थी फारसे काही न शिकता परत येतात. कारण सोपे आहे. मुलगा किंवा मुलगी मोबाइल चांगला वापरते, म्हणून मालक तिच्याकडे समाजमाध्यमांवरील पान सोपवतो. ती आठ आठवड्यांत तीस-चाळीस चित्रे टाकते, पसंतीच्या अंगठ्यांची संख्या वाढते, दोघेही खूश होतात. या काळात तिने उधारीची वही उघडून पाहिलेली नसते आणि परत आलेल्या मालाचे खोके मोजलेले नसतात. जाहिरात हा विपणनाचा एक भाग आहे, आणि लहान व्यवसायात तर तो बऱ्याचदा सर्वांत छोटा भाग असतो. गिऱ्हाईक पैसे का देते आणि पुन्हा का येते, हे जेथे दिसते ती जागा गल्ल्याजवळची. उमेदवाराने तेथे बसायला मिळेल, एवढी एक गोष्ट पदरात पाडून घेतली पाहिजे.

जुनाच मार्ग

'इंटर्नशिप' हा शब्द नवा असला, तरी 'उमेदवारी' हा शब्द मराठीत जुना आहे. पेढीवर, छापखान्यात, कारखान्यात मुलगा काही काळ उमेदवारी करीत असे. पगार नाममात्र किंवा नाहीच, परंतु काम अंगवळणी पडे. व्यापारी घराण्यांतील मुले तर शाळेतून आल्यावर दुकानात बसूनच माणसे ओळखायला शिकली. मराठी मध्यमवर्गाने मात्र नोकरीची वाट धरली, आणि दुकानात बसणे ही शिकण्याची जागा आहे हे तो काहीसा विसरला.

मराठी उद्योगाचा इतिहास पाहिला, तर विक्रीचे शिक्षण पुस्तकातून मिळाल्याची उदाहरणे फारशी आढळत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमिनीत विष भिनते असा शेतकऱ्यांचा समज होता. वस्तू उत्तम असूनही तिला गिऱ्हाईक नव्हते. समज दूर करणे हेच तेथे विपणन होते आणि ते शेतकऱ्यांशी बोलूनच करावे लागले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे पुढे महाराष्ट्रात घरोघरी वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले, हा भाग वेगळा. त्याचे मूळ कारखान्याच्या कामाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यात होते, हे विपणनाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

पहिला पंधरवडा

लहान उद्योजकाकडे पहिले दोन आठवडे कोणतीही सूचना न करता केवळ पाहण्यात घालवावेत. काउंटरवर उभे राहून एक साधी वही ठेवावी. आलेल्या गिऱ्हाइकाने काय मागितले, काय घेतले आणि काय न घेता गेले, अशा तीन नोंदी पुरेशा आहेत. त्यांतील तिसरी सर्वांत मोलाची. जे विकले गेले ते बिलावर येते, संगणकात जाते. जे मागितले गेले आणि मिळाले नाही, त्याची नोंद कोठेही होत नाही. 'पाव किलोचा पुडा आहे का?' असे दिवसातून सात जणांनी विचारले आणि दुकानात अर्धा किलोचाच असला, तर ही माहिती कोणत्याही बाजारपेठ पाहणीहून स्वस्त आणि खात्रीची असते. मालकाला ती ठाऊक नसते असे नाही. पण रोज ऐकून कानाला सवय झालेली असते, आणि आकडा समोर नसल्यामुळे निर्णय होत नाही.

काउंटरनंतर लाइन. विक्री प्रतिनिधी ठरलेल्या वारी ठरलेल्या भागातील दुकाने करतो, त्याच्याबरोबर निदान चार-पाच दिवस पायपीट करावी. किराणा दुकानदार एका कंपनीचा मसाला पुढे करतो आणि दुसरीचा मागे ठेवतो, याची कारणे त्याच्या तोंडूनच ऐकावीत. कोणी म्हणतो, यात दोन रुपये जास्त सुटतात. कोणी म्हणतो, यांचा माणूस वेळेवर येतो. फुटका पुडा आला तर लगेच बदलून मिळतो, हे कारण तर वारंवार ऐकू येते. जाहिरातीचा उल्लेख क्वचितच होतो. वर्गात शिकलेल्या वितरण साखळीला येथे चेहरे मिळतात. वितरक म्हणजे गोदाम, टेम्पो आणि उधारी सांभाळण्याची ताकद असलेला माणूस, हे एकदा त्याच्या गोदामात उभे राहिल्यावर समजते.

तिसरी वही उधारीची. ती पाहायला मिळण्यासाठी विश्वास कमवावा लागतो आणि तसे होण्यास पंधरवडा लागला तरी हरकत नाही. कोणती पार्टी किती दिवसांनी पैसे देते, कोणाचा माल वाढतो आहे पण वसुली मागे पडते आहे, हे त्या वहीत लिहिलेले असते. सर्वांत जास्त माल उचलणारे गिऱ्हाईक हेच सर्वांत चांगले गिऱ्हाईक नव्हे, हा पाठ तेथे एका दुपारीत मिळतो.

एका पुड्याचा हिशोब

विद्यार्थ्यांकडून येणारी सर्वांत लोकप्रिय सूचना म्हणजे सवलत. दहा टक्के सूट द्या, विक्री वाढेल. ही सूचना करण्यापूर्वी एका पुड्याचा हिशोब मांडून पाहावा. पुढील आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. व्यवसायागणिक ते बदलतील, पण रीत बदलणार नाही.

मसाल्याच्या पुड्यावर छापील किंमत १०५ रुपये आहे. मसाल्यावर वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे कर वगळता १०० रुपये. त्यातून किरकोळ दुकानदाराचे २० आणि वितरकाचे ८ गेले, की उत्पादकाच्या हाती ७२ येतात. मिरची, धणे आदी कच्चा माल ३८ रुपये, पुडा, लेबल आणि खोका ९, दळण व मजुरी ७, वाहतूक ४. एकूण ५८. उरले १४ रुपये. यातूनच जागेचे भाडे, विजेचे बिल, कर्जाचे व्याज आणि मालकाची स्वतःची मेहनत निघायची आहे.

आता दुकानदारांसाठी 'दहावर एक मोफत' अशी स्कीम चालू आहे असे समजू. दहा पुड्यांवर १४० रुपये उरत होते, त्यातून मोफत पुड्याचे ५८ गेले. राहिले ८२, म्हणजे पुड्यामागे ८ रुपये २० पैसे. विकलेल्या शंभर पुड्यांपैकी तीन फुटून किंवा मुदत संपून परत आले आणि त्यांचे प्रत्येकी ७२ रुपये परत द्यावे लागले, तर शंभर पुड्यांवर २१६ रुपये आणखी जातात. अखेरीस पुड्यामागे साधारण ६ रुपये शिल्लक राहतात. छापील किमतीवर दहा टक्के सूट म्हणजे करासह साडेदहा आणि कर वगळता १० रुपये. ती उत्पादकाने सोसली, तर प्रत्येक पुड्याबरोबर चार रुपये खिशातून घालावे लागतील. विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढेल.

हा हिशोब स्वतःच्या हाताने एकदा मांडलेला विद्यार्थी पुढे 'सवलत' हा शब्द जपून वापरतो. शिवाय त्याला खरे प्रश्न दिसू लागतात. परत येणारे तीन पुडे दोनवर आणता येतील काय? पुडा कोठे फुटतो, खोक्यात की टेम्पोत? स्कीम सर्वांना द्यावी की वेळेवर पैसे देणाऱ्यांनाच? घरपोच विक्री केली तर वितरक आणि दुकानदार यांचे २८ रुपये वाचतात, हे खरे. परंतु एक पुडा पोचवायला चाळीस रुपये लागत असतील, तर वाचलेल्या पैशाला अर्थ नाही. म्हणजे प्रश्न गिऱ्हाईक मिळवण्याचा नसून एका वेळची मागणी एका पुड्यावरून चार पुड्यांवर कशी न्यावी, हा आहे. मे महिन्यात वर्षाचा मसाला भरणाऱ्या घरांची यादी केली, शेजारच्या तीन बिऱ्हाडांची मागणी एकत्र घेतली, तर टेम्पोची एक फेरी परवडते. हे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते.

उधारीचेही असेच. महिन्याला तीन लाखांचा माल तीस दिवसांच्या उधारीवर जात असेल, तर कोणत्याही क्षणी सुमारे तीन लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. विक्री एका लाखाने वाढवायची, तर भांडवल जवळजवळ तेवढ्यानेच वाढवावे लागते. मोठ्या दुकानसाखळीने माल घ्यायचे कबूल केले, म्हणून पेढे वाटणाऱ्या उद्योजकाला ती साखळी साठ किंवा नव्वद दिवसांनी पैसे देणार असल्याचे नंतर जाणवते. येथे कायदा ठाऊक असलेला उमेदवार उपयोगी पडू शकतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकराच्या तरतुदीही याला जोडल्या गेल्या. मुदतीत पैसे न दिल्यास ते प्रत्यक्ष दिले जाईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करासाठी वजा दाखवता येत नाही. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना, म्हणजे माल घेऊन विकणाऱ्यांना, २०२१ पासून 'उद्यम' नोंदणी खुली झाली, तरी थकबाकीबाबतचे हे संरक्षण त्यांना मिळत नाही. आपला मालक उत्पादक आहे की व्यापारी, हे म्हणून आधी पाहावे. बड्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवावा की संबंध जपावा, हा निर्णय अर्थात मालकाचाच.

आंब्याचे आठ आठवडे

उन्हाळी प्रशिक्षणाचा काळ आणि आंब्याचा हंगाम बराचसा एकच. एप्रिलपासून मे अखेरपर्यंत हापूसच्या विक्रेत्याकडे काम केलेल्या विद्यार्थ्याला एका व्यवसायाचे संपूर्ण वर्ष दोन महिन्यांत पाहायला मिळते. हंगामाच्या आरंभी माल थोडा आणि भाव चढा. अक्षय्य तृतीयेला मागणी उसळते. मेमध्ये आवक वाढते, भाव उतरतात आणि पहिल्या वळवाबरोबर गिऱ्हाईक हात आखडता घेते. नाशवंत मालाची किंमत कशी ठरते, ती कधी उतरवायची आणि पिकलेली पेटी आज संध्याकाळी कमी भावात काढायची की उद्याची वाट पाहायची, हे निर्णय रोज घ्यावे लागतात. चुकीचा निर्णय दुसऱ्या दिवशी वासावरूनच कळतो.

या धंद्यातला मुख्य माल मात्र विश्वास हा आहे. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात आत साका निघतो. तो कापल्याशिवाय ओळखणे घरगुती गिऱ्हाइकाला शक्य नसते, विक्रेत्यालाही नाही. डझनात दोन फळे साक्याची निघाली आणि गिऱ्हाईक रागाने परत आले, तर काय करावे? फळे बदलून द्यावीत, पैसे परत द्यावेत, की साका हा निसर्गाचा दोष आहे असे सांगून हात झटकावेत? बरेच जुने विक्रेते निमूटपणे फळे बदलून देतात. ही उदारता वाटते, पण ती हिशोबात धरलेली असते. हंगामात पाच पेट्या नेणारे आणि नातेवाइकांना पत्ता देणारे घर दोन फळांसाठी गमावणे महाग पडते. उमेदवाराने येथे एक चांगले काम करावे. बदलून दिलेल्या फळांची नोंद बागेनुसार आणि तारखेनुसार ठेवावी. हंगाम संपता संपता कोणत्या बागायतदाराच्या मालात तक्रारी जास्त आल्या, हे मालकाला प्रथमच कागदावर दिसेल. पुढच्या वर्षीची खरेदी त्यावरून ठरू शकते.

दुसरा प्रश्न नावाचा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील फळासाठी ते आहे. तरी परराज्यांतील आंबा 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' म्हणून विकण्याचे प्रकार बाजारात होतातच. प्रामाणिक विक्रेत्यापुढे आपला माल खरा असल्याचे पटवायचे कसे, हा विपणनाचा खरा पेच असतो. 'अस्सल' हा शब्द सगळेच वापरतात, त्यामुळे त्याला किंमत उरलेली नाही. बागेचे नाव, तोडणीची तारीख, मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, आणि फळ अढीत पिकवले की परवानगी असलेल्या इथिलीन वायूने, हे खरेपणाने छापलेली छोटी चिठ्ठी पेटीत घालणे, हा एक मार्ग. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, हेही बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक असते आणि त्याची धास्ती असते. त्या धास्तीला उत्तर देणारी चार ओळींची चिठ्ठी लिहिणे हे जाहिरातलेखनाचे उत्तम शिक्षण आहे. खोटे एकही अक्षर न लिहिता माल विकायचा आहे, ही अट घातली की लेखणीची परीक्षा होते.

वेष्टनाकडे पाहण्याची दृष्टीही अशा कामातून येते. डबाबंद मालावर निव्वळ वजन, सर्व करांसह छापील किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, आणि खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा लागतो. हे सर्व बसवून उरलेल्या जागेत मालाचे आकर्षण निर्माण करायचे असते. नवे बोधचिन्ह सुचवणाऱ्या विद्यार्थ्याने त्याआधी मालकाने नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली आहे का, एवढे विचारावे. बऱ्याचदा केलेली नसते. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी एका वर्गात ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे.

मोबाइलवरचे दुकान

समाजमाध्यमांचे काम करूच नये, असे नाही. ते कोणत्या क्रमाने करावे, हे महत्त्वाचे. चित्रफिती करण्याआधी गूगलच्या नकाशावर दुकानाची जागा बरोबर आहे का, वेळा, साप्ताहिक सुटी आणि दूरध्वनी क्रमांक अचूक आहेत का, हे पाहावे. बंद दुकानापाशी येऊन परत गेलेले गिऱ्हाईक कोणत्याही जाहिरातीने भरून निघत नाही. तेथे लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांना, विशेषतः तक्रारींना, मालकाच्या संमतीने सभ्य उत्तरे द्यावीत.

व्यवसायांसाठीचे व्हॉट्सअ‍ॅप २०१८ मध्ये आले आणि लहान दुकानांच्या हाती मालाची सूची, ठरलेली उत्तरे, गिऱ्हाइकांवर खुणेच्या पट्ट्या अशी साधने आली. त्यातील एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रसारण यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये साठवला आहे, त्यांनाच पोचतो. म्हणजे हजार क्रमांक गोळा करण्यापेक्षा दोनशे गिऱ्हाइकांना काउंटरवरच 'आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नवा माल आला की कळवू' असे सांगणे फलदायी ठरते. विपणनाचे हेही काम शेवटी बोलण्याचेच निघाले.

परिणाम मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'आमच्याविषयी कोठून कळले?' असे विचारून वहीत रेघ ओढणे. महिनाभराच्या रेघा मोजल्या, की फलक, शेजारीण, नकाशा आणि पैसे देऊन केलेली जाहिरात यांपैकी कशाने गिऱ्हाईक आणले ते दिसते. बहुतेक ठिकाणी शेजारीण जिंकते.

गिऱ्हाइकांचे क्रमांक ही मालकाची ठेव आणि गिऱ्हाइकाची खासगी माहिती आहे. ती स्वतःच्या मोबाइलमध्ये उतरवून घेणे, अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडणे, पुढच्या नोकरीत वापरणे हे सारे वर्ज्य समजावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. दुकानदारीतील सभ्यतेचा संकेत त्याहून जुना आहे.

अटी आधीच ठरवाव्यात

लहान उद्योजकाकडील उमेदवारीची दुखरी बाजू म्हणजे तिला चौकट नसते. दोन महिन्यांसाठी आलेली मुलगी हळूहळू बिले फाडते, बँकेत जाते, खोकी बांधते. थोडेफार सर्वच केले पाहिजे, त्यात कमीपणा नाही. पण आठही आठवडे तेच झाले, तर ती शिकाऊ नसून बिनपगारी नोकर ठरते. क्वचित प्रमाणपत्र अडकवून ठेवून 'आणखी पंधरा दिवस थांब' असे सांगितले जाते. याउलट विद्यार्थी सकाळी अकराला उगवतो, आंब्याचा ट्रक मात्र पहाटे आलेला असतो, असेही घडते.

सरकारी योजनांचा आधार येथे फारसा नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्यानुसार शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे, चार ते एकोणतीसपर्यंत ऐच्छिक. दोघे-तिघे काम करणारे दुकान त्याबाहेरच राहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना आघाडीच्या पाचशे कंपन्यांपुरती होती. महाराष्ट्रात २०२४ मध्येच आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजार, पदविका व आयटीआय झालेल्यांना ८ हजार आणि बारावी उत्तीर्णांना ६ हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले, मात्र शिक्षण सुरू असलेल्यांना ती लागू नव्हती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास मिळाले. त्यामुळे व्यवस्थापनाच्या बाहेरचे विद्यार्थीही आता उद्योजकांच्या दारात उभे राहू लागले आहेत. पैशाचा भाग मात्र त्या दोघांनाच ठरवावा लागतो.

तेव्हा पहिल्याच दिवशी एक पानभर मजकूर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कामाचे तास आणि सुटी, जाण्यायेण्याचा खर्च व विद्यावेतन, कोणत्या वह्या पाहायला मिळतील, कोणती माहिती अहवालात येणार नाही, आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळेल, एवढे त्यात असावे. मालकाला वेतन देणे जड जात असेल, तर निदान प्रवास आणि जेवणाचा खर्च त्याने द्यावा. फुकट मिळालेल्या माणसाचे म्हणणे कोणी गंभीरपणे ऐकत नाही, हा व्यवहाराचा अनुभव आहे. या पानात एक ओळ अवश्य हवी: 'उमेदवार एक प्रश्न निवडेल आणि त्यावर काम करील.' परत येणारा माल, थकलेली उधारी, दुसऱ्यांदा न आलेली गिऱ्हाइके, यांपैकी एखादा. 'विक्री वाढवणे' हा प्रश्न नव्हे, ती इच्छा आहे.

जागा शोधण्यासाठी संकेतस्थळे धुंडाळण्यापेक्षा ओळखीचा सनदी लेखापाल गाठावा. त्याच्याकडे वीस-पंचवीस लहान उद्योजकांचे हिशोब असतात आणि कोण शिकवणारा, कोण राबवून घेणारा हे त्याला ठाऊक असते. मार्च अखेरपर्यंत तो कामात बुडालेला असतो, म्हणून फेब्रुवारीतच भेटावे. उद्योजकाकडे जाताना छापील स्वपरिचयाचा फारसा उपयोग होत नाही. त्याचा माल आधी विकत घेऊन, वापरून, तो आणखी कोणत्या चार दुकानांत मिळतो आणि कोठे मिळत नाही हे पाहून जावे. 'काका, तुमचा गोडा मसाला आमच्या भागातल्या तीन दुकानांत नाही, एकात मागच्या वर्षीचा आहे,' एवढे सांगणाऱ्या मुलाला बसायला खुर्ची मिळते.

महाविद्यालयांनीही थोडी लवचीकता दाखवायला हवी. अहवालात कंपनीचा इतिहास, संघटनेची रचना, उलाढालीचा आलेख हे ठरीव भाग मागितले जातात. तिघांच्या व्यवसायाची संघटनरचना काढायची कशी? मग विद्यार्थी ती कोठून तरी उतरवतो. त्याऐवजी काउंटरवरील नोंदवही, एका मालाचा पूर्ण हिशोब आणि केलेल्या एका प्रयोगाचा परिणाम, मग तो फसलेला असला तरी, एवढेच मागितले तर नक्कल करता येणार नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांनी या काळात एकदा तरी दुकानात येऊन मालकाशी बोलावे.

शेवटचा आठवडा हस्तांतरणाचा ठेवावा. उमेदवाराने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर आणि स्वतःच्या ईमेलवर व्यवसायाची खाती उघडलेली असतात आणि तो गेला की मालकाला आपल्याच पानावर प्रवेश मिळत नाही, हा प्रकार वरचेवर घडतो. सर्व खाती आरंभापासून मालकाच्या क्रमांकावर असावीत, परवलीचे शब्द बदलून त्याच्या हाती द्यावेत आणि दुकानातील एकाला तरी सूचीत नवा माल भरण्याचे काम करून दाखवावे. नोंदवह्या दुकानातच ठेवाव्यात. मे महिन्यात तयार केलेली सोसायट्यांची आणि कार्यालयांची यादी दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी लागते. त्या मागण्या गणेशोत्सवाच्या सुमारास पक्क्या होतात, आणि तेव्हा मालकाचा फोन त्या मुलीला येतो.